माघीचं पायमडकं

जव्हारात कोणी विचारलं, की माघे, तुझं गाव कोणतं, तर माघी गावाचं नाव सांगायची नाही. हात डोंगरांकडे फेकायची आणि म्हणायची, "तठं, वांगनीच्या वर. पानी नाय तिथली मी."

ही ओळख तिला पुरेशी वाटायची, आणि खरं तर होतीच. तिच्या पाड्यावर पाणी म्हणजे खडकातला एक झरा, सुपाएवढा. चैत्रात तो तळहाताएवढा व्हायचा आणि वैशाखात रुसून बसायचा. मग बायका दोन कोस चालत दुसऱ्या पाड्याच्या झऱ्यावर जायच्या. अशा झऱ्यात एका माणसाने धुळीचा पाय घातला, तर सांजेपर्यंत गढूळ पाणी निवळत नाही, आणि तोवर बाकीच्यांनी हंडे घेऊन आभाळाकडे बघत बसायचं. म्हणून त्या पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची एक रीत होती. झऱ्याच्या अलीकडे दहा पावलांवर एक भरलेलं मडकं ठेवलेलं असायचं, वर पळसाचं पान, पानावर दगड. येणाऱ्याने आधी त्या मडक्यातल्या पाण्याने पाय धुवायचे, हात धुवायचे, हंड्याचं बूड धुवायचं, मग झऱ्याशी जायचं. आणि जाताना ते मडकं पुन्हा भरून, झाकून, जागेवर ठेवायचं. पुढच्यासाठी. याला ते पायमडकं म्हणत.

माघीचं लग्नसुद्धा या मडक्यानेच जुळवलं. जिव्या आपल्या काकाबरोबर तिला मागणी घालायला आला, तेव्हा ती मैत्रिणीसोबत करवंदीच्या जाळीआड लपून बघत होती. काका तहानेने व्याकूळ, तो तसाच पायताणासकट झऱ्याकडे निघाला. जिव्याने त्याला दंडाला धरून मागे ओढलं, मडक्यापाशी उभं केलं, दोघांचे पाय धुतले, आणि पाणी पिऊन निघताना मडकं काठोकाठ भरून ठेवलं. "ह्योच," माघी मैत्रिणीच्या कानात म्हणाली. कोणी आपल्याला बघतंय हे मला ठाऊक नव्हतं, असं जिव्या म्हातारपणापर्यंत शपथेवर सांगायचा. त्या शपथेवर मी तरी फारसा विसंबणार नाही.

तर अशी ही माघी. पुढे पन्नाशीला टेकल्यावर ती लाकडाच्या मोळ्या विकायला जव्हारात येऊ लागली. तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं, रस्त्यावर मोटार दिसायची होती अजून, आणि गावाच्या उतारावर एक तळं होतं. ते तळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माघी मोळी डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली. एवढं पाणी! आणि त्याच्या काठाची ती दशा! घाटाच्या पायऱ्यांवर भांडी घासल्याची राख, श्राद्धाच्या पत्रावळी, चघळून टाकलेली दातवणं. एका अंगाला म्हशी डुंबतायत, त्यांच्या शेजारी कपडे आपटतायत, आणि तिथूनच चार हातांवर प्यायचं पाणी भरतायत. देवाने दिलं आणि कर्माने नेलं म्हणतात, ते असं.

त्याच सकाळी दरबारातले कारकून विठ्ठलराव शेवटच्या पायरीवर बसून दात घासत होते. त्यांनी तळ्यात चूळ टाकली मात्र, माघी कडाडली, "ए! थुकतोस त्याच पान्याचा च्या पितोस ना तू घरी जाऊन?"

आता डोंगरातल्या माणसांना अहो-जाहो ठाऊक नसतं. ते देवालाही तू म्हणतात नि कारकुनालाही. पण विठ्ठलरावांना उभ्या जन्मात बायकोखेरीज कोणी असं झापलं नव्हतं, आणि ती निदान अहो म्हणून झापायची. ते रागावणारच होते, पण त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आपल्या चुळीचा फेस तरंगत होता तिकडे पाहिलं, आणि त्यांना खरोखरच मळमळलं. माणूस मनाने सरळ होता. महिन्याभरात त्यांनी वरच्यांच्या कानावर घालून माघीला तळ्याची राखण मिळवून दिली. तळ्याच्या काठाशी एक झोपडी, वर्षाला पोटापुरती नागली आणि एक लुगडं. मात्र बोली अशी, की पाऊस लागेपर्यंत काम बघायचं. लोकांची तक्रार आली नाही, तर पुढे कायम.

माघीने जिव्याला सांगितलं, "मरंस्तवर दारात पानी. मना आनखी काय नको." तिच्या गुडघ्यांनी तर दोन कोसांच्या चढाचं नाव काढलं तरी कुरकुर केली असती. परत पाड्यावर जाणं म्हणजे पुन्हा तो चढ आणि डोक्यावर हंडा. म्हणून ही राखण टिकवायचीच, असं तिने मनाशी पक्कं केलं.

पहिला महिना तिने पदर खोचून काम केलं. शिंदीच्या झावळ्यांचा खराटा केला, पायऱ्या खरवडल्या, पत्रावळ्या गोळा करून लांब खड्ड्यात पुरल्या. मग काठाचे तीन भाग पाडले. वरचा दगडी घाट फक्त प्यायच्या पाण्याला. मधले सपाट खडक धुण्याला, आणि त्यांचं पाणी परत तळ्यात न जाता बाजूच्या खाचरात जावं म्हणून जिव्याकडून चर खणून घेतला. शेवटचा उतार गुरांना. मधे करवंदीच्या काट्यांचं कुंपण. जो चुकला त्याला तिची जीभ होतीच, आणि काट्यांपेक्षा लोक तिलाच जास्त जपून होते. चार दिवस कुरबुर झाली, पण पाणी निवळलं तसे लोकही निवळले. किराणा दुकानवाले कांतीलाल शेट तर म्हणाले, आता तळाचे खडे दिसतात.

राहिली एकच गोष्ट, पाय. माणसं धुळीने माखलेले पाय घेऊन थेट पाण्यात उतरत. माघीने बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, अरे, आपल्याकडे तर यावर इलाज आहे!

तिने कुंभाराकडून कोरं मडकं आणलं. घाटाकडे उतरणाऱ्या तीन वाटा जिथे एकत्र येतात तो तिठा निवडला, म्हणजे कोणीही चुकायला नको. मडकं काठोकाठ भरलं, वर पळसाचं पान झाकलं, पानावर दगड ठेवला. नवं मडकं पहिल्यांदा बसवताना त्याला हळदकुंकू लावतात, ते लावलं. हात जोडले. आणि समाधानाने घरी जाऊन भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. तिठ्यावर, अमावस्येच्या तोंडावर, कोरं मडकं, वर पान, पानावर दगड, अंगावर हळदकुंकू! जव्हारातल्या शहाण्यासुरत्या माणसाला याचा एकच अर्थ ठाऊक होता. कोणीतरी कोणाची तरी पीडा उतरवून टाकलेली आहे, आणि जो तिला शिवेल त्याच्या मागे ती लागणार. पहिली बाई पाण्याला आली, मडकं पाहिलं, आणि आल्या पावली मागे फिरली. दुसरीने तर हंडा तिथेच टाकला.

माघीला यातलं काही कळलं नाही. तिला इतकंच दिसलं, की पायऱ्या दिवसभर स्वच्छ राहिल्या. "बघ," ती जिव्याला म्हणाली, "एका दिसात शिकले. शेरातली मानसं हुशार."

दुसऱ्या दिवशीही पायऱ्या स्वच्छ. तिसऱ्या दिवशी तर घाट असा चकचकीत, की पाटा मांडून वाटण वाटावं. जिव्या बांबूची टोपली विणत बसला होता. त्याने मान वर केली, घाटाकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "लय बेस झाला. पन मानूस कोन नाय."

तेव्हा कुठे माघी चपापली. ती काठाकाठाने चालत गेली, आणि बघते तर काय, सगळं गाव गुरांच्या उतारावर! म्हशींच्या शेपट्यांतून वाट काढत बायका हंडे भरतायत, धुणंही तिथेच, आंघोळीही तिथेच. महिन्याभराची मेहनत चिखलात गेलेली. माघीने कमरेवर हात ठेवून तोंड उघडलं, आणि तिला पाहताच बायका हंडे उचलून अशा पांगल्या, जशी घार दिसल्यावर कोंबडीची पिल्लं.

एकट्या अनसूयाबाई, विठ्ठलरावांची बायको, तेवढ्या उभ्या राहिल्या. त्याही चार हात लांबूनच बोलल्या. "माघे, हे काय करून बसलीस गं? तिठ्यावर करणी ठेवतात का? पोराबाळांचं गाव आहे."

"करनी?" माघी हसायलाच लागली. "बाय, ते पायमडकं हाय! पाय धुवाया!"

अनसूयाबाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि घरी जाऊन शेजारणीला सांगितलं, "पाय धुवायला म्हणते! करणारीण कधी कबूल करते का?" बाई वाईट नव्हत्या. पण भीतीला पाय फुटले की ती शहाण्यालाही पाठीवर घेऊन पळते.

संध्याकाळी विठ्ठलराव आले. तिठा चुकवून, काट्यांतून, धोतर सांभाळत आले. "माघी, ते मडकं ओतून टाक आणि उचल. विषय संपला."

माघीचं हसू मावळलं. "ते नाय व्हनार, राव."

"का नाही होणार?"

"भरलेलं पायमडकं दुसऱ्या घरच्या कोनी वापरल्याबिगर उचलीत नाय. झरा आटला, परत यायाचा नाय, तवाच उचलतात. तसं उचललं तर पानवठा मेला."

विठ्ठलराव दोन पावलं मागे सरले. म्हणजे ही बया स्वतःच्या तोंडाने सांगते, की मडक्याला हात लावला तर तळं मरेल! ते पुन्हा काट्यांतूनच परत गेले, आणि धोतर फाटलं ते वेगळंच.

एवढ्यावर निभावलं असतं. पण चार दिवसांनी कांतीलाल शेट आजारी पडले. झालं होतं असं, की ते एका लग्नाला जाताना घाईत तिठ्यावरून गेले होते आणि त्यांच्या धोतराचा सोगा मडक्याला चाटून गेला होता. रात्री पोटात कळा, सकाळी ताप. लग्नात काय खाल्लं, किती खाल्लं, हे कोणी विचारलं नाही. सोगा चाटला, हे मात्र गावभर झालं. शेटजींनी जामसरकडच्या पुंजा भगताला निरोप धाडला, वाटेल ते करा, पण ही पीडा उतरवा. काम झालं तर एक मोठा कोंबडा आणि नारळ.

विठ्ठलराव माघीकडे आले ते मान खाली घालून. "हे बघ, भगत उद्या येतो आहे. त्याने करणी म्हटली, तर मला तुला ठेवता येणार नाही. माझा नाइलाज आहे."

त्या रात्री माघी जेवली नाही. पुंजा भगत तिला ऐकून माहीत होता. भगताचं पोट कशावर चालतं हेही माहीत होतं. करणी नाही म्हणून परत जाणाऱ्याला कोंबडा कोण देतो? ती जिव्याला म्हणाली, "मी घान केली नाय, चोरी केली नाय. पानी सोच्छ केलं. त्याच्यापायीच माझं पानी सुटनार." आणि तिला रडू आलं. जिव्याने हातातली टोपली बाजूला ठेवली आणि तिच्याजवळ येऊन बसला. त्याच्या हिशेबाने हे पुष्कळ बोलणं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. तळ्याच्या वरच्या अंगाला सगळं जव्हार लोटलेलं. कांतीलाल शेटना खाटेवर घालून आणलेलं, डोक्याला फडकं, हातात पोट. माघी झोपडीच्या कुडाला टेकून उभी.

आणि पुंजा भगत आला. काखेत मोरपिसांचा कुंचा, हातात तांदूळ घातलेलं सूप. सकाळपासून चालत आलेला, गुडघ्यापर्यंत लाल धुळीने माखलेला, ओठ सुकलेले. लोकांनी वाट करून दिली. कोणी बोट दाखवेना. बोटालाही काही चिकटेल म्हणून. विठ्ठलरावांनी हनुवटीने खुणावलं, "तिकडे. तिठ्यावर."

भगत तिठ्याकडे चालू लागला. तो मडक्यापाशी थांबला. सूप आणि कुंचा खाली ठेवला. दगड उचलून बाजूला ठेवला. पान काढलं. आणि मडकं कलतं करून त्याने आधी उजव्या पायावर पाणी घेतलं, मग डाव्या. टाचा एकमेकींवर घासल्या. हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरून लांब झुडपात टाकली. मग रिकामं मडकं काखोटीला मारून घाटाच्या पायऱ्या उतरला, ओंजळीने पोटभर पाणी प्यायला, मडकं भरलं, वर आला, पान झाकलं, दगड ठेवला. कमरेच्या फडक्याला हात पुसत तो गावाकडे वळला.

"हां," तो म्हणाला, "आता दाखवा. करनी कुठं हाय?"

झोपडीकडून एक आवाज आला. जिव्या हसत होता. जन्मात चार वाक्यं सलग न बोललेला तो माणूस, मांडीवर थापा मारून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. भगत गोंधळून इकडेतिकडे बघू लागला. त्याने एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा लोकांच्या तोंडांकडे, आणि त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला.

"ह्ये?" तो ओरडला. "आरं, ह्ये तर पायमडकं! माझ्या आयशीच्या पाड्यावर असतं. मना वाटलं जव्हारची मानसं लय सुदारली." मग तो खाटेजवळ गेला, कांतीलाल शेटच्या पोटावर दोन बोटं दाबली, ते विव्हळले तसा म्हणाला, "शेट, लग्नात रस किती वाट्या?"

शेटनी डोक्याचं फडकं डोळ्यांवर ओढलं.

"शेट?"

"सात," शेट पुटपुटले. "आठवीत थोडा होता."

आता मात्र सगळा काठ हसला. शेटसुद्धा हसले, पोट धरून, कारण हसताना दुखत होतं. भगताने त्यांना दोन दिवस नुसती पेज प्यायला सांगितली आणि सूप उचलता उचलता उसासा टाकला, "माझा कोंबडा गेला. माझ्याच पायानं गेला." विठ्ठलरावांनी त्याला घरी जेवायला नेलं, तेव्हा त्याचा उसासा जरा हलका झाला.

माघीला हसू येत होतं आणि रडू थांबत नव्हतं. तिला परत त्या चढावर जायला लागणार नव्हतं. मग तिने डोळे पुसले, आणि निघालेल्या भगताच्या पाठीवर आवाज टाकला, "डावी टाच नीट नाय घासलीस!"

दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता अनसूयाबाई घाटावर आल्या. एकट्याच आल्या होत्या. माघी पायऱ्या झाडत होती. तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं. अनसूयाबाईंनी मडक्यावरचं पान काढताना हात जरासा मागे घेतला, मग पुढे केला. पाय धुतले. हंड्याचं बूड धुतलं. पाणी भरून झाल्यावर मडकं घाटावर नेलं, भरून आणलं, पान ठेवलं, पुन्हा नीट सारखं केलं. आणि तिथेच घोटाळत उभ्या राहिल्या.

"माघे, मी गावभर बोलले गं तुझ्याबद्दल."

"ठावं हाय," माघी म्हणाली. खराटा थांबला नाही.

अनसूयाबाईंना आणखी बोलायचं होतं, पण ते जमेना. म्हणून त्यांनी भलतंच विचारलं, "ज्याने मडकं भरून ठेवलं त्याच्या पाण्याने मी पाय धुतले. आता हे मी भरलं, ते कोणासाठी?"

माघी खराट्यावर रेलून उभी राहिली. असला प्रश्न तिच्या पाड्यावर कोणी विचारला नव्हता, तेव्हा उत्तर तिला नव्यानेच शोधावं लागलं.

"ते नाय कळत, बाय," ती म्हणाली. "आदी कळलं असतं, तर मानसानं फक्त आपल्याच मानसासाठी भरलं असतं."

अनसूयाबाई हंडा डोक्यावर घेऊन चढ चढल्या. वरून एक म्हातारा लाकूडतोड्या उतरत होता, फाटक्या लंगोटीतला, त्यांच्या ओळखीपाळखीचा नाही. तो मडक्यापाशी थांबला आणि वाकून पान काढू लागला. अनसूयाबाई वळून, हंडा डोक्यावर तसाच धरून, त्याचे पाय धुऊन होईपर्यंत बघत राहिल्या.